दोन बेंदरांमधला महिना माळाला द्या

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, कागवाड, रायबाग आणि चिकोडी तालुक्यांतल्या सर्व ग्रामपंचायतींच्या अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सदस्य बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या ग्रामसभेत आमच्या गावी गायरानाचा विषय निघाला आणि बघता बघता दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, माळाला तारेचं कुंपण घाला आणि पाच वर्षं आत शेळीचं करडूसुद्धा सोडू नका. दुसरी बाजू म्हणाली, गायरान हा गावाचा हक्क आहे, ज्याला जेव्हा चारायचं तेव्हा चारू दे. मी हात वर केला होता, पण तोवर नळाच्या पाण्याचा विषय आला आणि गायरान पुढच्या सभेवर गेलं. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय. एकट्या आमच्या पंचायतीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितोय, कारण हा तंटा आपल्या पट्ट्यात गावोगाव आहे आणि माझ्या मते दोन्ही बाजू चुकतायत.

मी मेंढरांमागं वाढलेला माणूस. आमच्या आप्पांचं साठेक मेंढरांचं खांड होतं. पुढं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून पुन्हा माळावर जातो, आता हातात काठीच्या जोडीला वही असते. गवत ओळखायला मला आप्पांनी शिकवलं. त्याची शास्त्रीय नावं आणि त्यामागची कारणं मी नंतर वाचून शिकलो.

माझी मागणी सरळ आहे. आपल्या सीमाभागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर, आणि महिनाभरानं आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. आपल्यातली निम्मी घरं एक करतात, निम्मी दुसरा, काही दोन्ही. या दोन बेंदरांमधला महिना गायरानाला चराईतून सुट्टी द्या. सगळ्या गायरानाला नको, तीनपैकी दोन हिश्श्यांना. ते कसं करायचं ते पुढं सांगतो. आधी हाच महिना का, ते ऐका.

मृगाच्या पावसानंतर माळ चारपाच दिवसांत हिरवा दिसू लागतो. आपल्याला वाटतं चारा आला. पण ती पहिली पानं गवतानं पावसावर काढलेली नसतात. गेल्या हंगामात मुळांत आणि बुडख्यात साठवलेलं अन्न मोडून ती काढलेली असतात. पेरणीच्या वेळी घरातली शेवटची पायली बियाण्याला काढावी, तसं. ती पानं मोठी होऊन ऊन खाऊ लागली की मगच गवत नवं अन्न तयार करतं आणि खर्च झालेला साठा भरून काढतं. त्याला चारपाच आठवडे लागतात. नेमक्या त्या दिवसांत उन्हाळाभर उपाशी राहिलेली जनावरं आपण माळावर सोडतो. कोंब आला की खुडला, पुन्हा आला की पुन्हा खुडला. दोनतीन वेळा असं झालं की साठा संपतो. त्या वर्षी ते ठोंब मरत नाही, फक्त बारीक होतं. पुढच्या वर्षी आणखी बारीक. मग एखाद्या दुष्काळात ते जातं आणि आपण म्हणतो, पावसानं गेलं.

हे मुळांवरही दिसतं. फ्रँकलिन क्रायडर नावाच्या अमेरिकी संशोधकानं 1955 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गवताचा निम्म्याहून जास्त पाला एकदम कापला, तर मुळांची वाढ थांबते, आणि जितकं जास्त कापावं तितके जास्त दिवस थांबते, असं त्याला आढळलं. निम्म्याच्या आत कापलं तर मुळं वाढत राहतात. कुरणांचा अभ्यास करणारे जगभर ‘निम्मं खा, निम्मं ठेव’ म्हणतात त्याला याचा आधार आहे.

मी हे आमच्या माळावर पाहिलं. गायरानाला लागून बिरोबाचं देऊळ आहे, त्याभोवती एकदीड एकराचा दगडी गडगा. आत जनावर शिरत नाही असं नाही, पण पावसाळ्यात कुणी सोडत नाही. जत्रेनंतर, गवत पिकून पिवळं झाल्यावर मेंढरं आत जातात. गेल्या श्रावणात मी गडग्याच्या आतलं पवन्या गवताचं एक ठोंब आणि बाहेर दहा पावलांवरचं दुसरं ठोंब खुरप्यानं, पाणी घालून घालून, मुळांसकट काढलं. आतल्या ठोंबाची मुळं माझ्या कोपरापर्यंत आली, आणि तरी ती खाली मुरमाच्या भेगेत तुटली होती, म्हणजे त्याहून खोल असणार. बाहेरच्याची मुळं वीतभरही नव्हती, बोटानं चोळली तर काळी पडून सुटत होती. गवत तेच, मुरूम तोच, पाऊस तोच. श्रावणात पंधरा दिवस उघडीप पडली तर यातलं कुठलं तगेल हे सांगायला नको.

हे बाहेरचं पवन्याचं ठोंब मला शोधावं लागलं, हे त्याहून महत्त्वाचं. आपला माळ कुठल्या गवताचा आहे? 1973 साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. त्यात दख्खनच्या पठारासकट जवळजवळ सगळा द्वीपकल्पी भारत ज्या प्रकारात येतो त्याला त्यांनी नावच शेडा आणि मारवेल यांच्या कुळांवरून दिलं, सेहिमा–डायकॅन्थियम. पवन्या शेड्याच्याच कुळातला. म्हणजे शेडा, पवन्या, मारवेल हे या मातीचे मूळ रहिवासी. बहुवर्षायू, खोल मुळांचे, जनावराला गोड. गोड म्हणूनच ते सगळ्यात आधी खाल्ले जातात.

जनावर माळ सरसकट चरत नाही, निवडून चरतं. सतत चराई राहिली की आधी शेडा-पवन्या-मारवेल मागं पडतात. त्यांची जागा कुसळी आणि डोंगरी घेतात. कुसळी कोवळी असताना खाल्ली जाते, पण फुलावर आली की तिच्या कुसळांना ओल लागताच पीळ सुटतो-बसतो आणि टोकदार बी स्वतःला जमिनीत फिरवत घुसवतं. जमिनीत घुसतं तसंच मेंढराच्या लोकरीतून कातडीतही. आप्पा आश्विनात एकेका मेंढराला मांडीत धरून कुसळं उपटायचे, ते मी लहानपणी तास न् तास पाहिलंय. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे एकाच पावसाचं आयुष्य असलेली बारीक गवतं आणि एकदांडी, सराटा यांसारखं तण. पाऊस थांबला की महिनाभरात त्यांचा भुगा होतो. शेवटी उरतो तरवड, रुई आणि गाजरगवत, ज्यांना तोंड लावायला शेळीही तयार नसते. तरवड फुलला की माळ पिवळाधमक छान दिसतो, पण तरवडानं भरलेला माळ हा थकलेला माळ असतो.

आमच्या गायरानावर मी सुतळीची मीटरभर लांबरुंद चौकट टाकून मोजतो. गडग्याच्या आत एका चौकटीत शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कडेला एक रानतूर, असं मिळतं. बाहेर बहुतेक चौकटींत एकदांडी, सराटा आणि उघडा मुरूम. ज्याला शंका असेल त्यानं आपल्या गावच्या देवळामागं किंवा स्मशानाच्या कुंपणात जाऊन बघावं. प्रत्येक गावात असा एखादा कोपरा शिल्लक असतो.

आता कुंपणवाल्यांशी बोलतो. तुमची तळमळ खरी आहे, माळ उजाड झालेला मलाही बघवत नाही. पण गवताचं आणि दात लावणाऱ्या जनावराचं नातं फार जुनं आहे. आपल्या माळांवर गुरामेंढरांच्या आधी काळवीट आणि चिंकारा चरत होते. बागलकोट जिल्ह्यातल्या यडहळ्ळीला, आपल्या शेजारीच, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. गवताचा वाढणारा डोळा बुडाशी, जमिनीलगत असतो, तो अशा चरण्यासाठीच. शेंडा खाल्ला तरी ते बुडातून फुटतं. वर्षानुवर्षं कुणी खाल्लंच नाही तर वाळलेला केर ठोंबात साठतो, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आतून ठोंब पोकळ होत जातं. मधल्या मोकळ्या जागेत येणारी भुईलगतची लहान फुलझाडं नाहीशी होतात. माळटिटवी आणि धाविक यांना अंडी घालायला आखूड, चरलेली जमीनच लागते. आणि साठलेला केर म्हणजे फाल्गुनातल्या ठिणगीला आमंत्रण.

हे मी एका गावात घडताना पाहिलंय. गावाचं आणि कुणी केलं त्याचं नाव घेत नाही. माळ बंद केला, समतल चर खणले, चरांच्या कडेनं गिरिपुष्पाची रोपं लावली. पहिल्या दोन वर्षांत गवत कमरेला आलं, फोटो निघाले. पण बंद माळावरची सगळी मेंढरं उरलेल्या पन्नास-साठ एकरांवर आली आणि तो तुकडा कायमचा मेला. तिसऱ्या उन्हाळ्यात आत आग लागली. दोन दिवस धुमसत होती. रोपं तर गेलीच. कुणी मुद्दाम लावली का, यावरून आजही दोन घरांत बोलणं नाही. गवताळ माळाला पडीक समजून तिथं झाडं लावायची सवय आपल्याकडं जुनी आहे. हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला काळविटांसाठी 1974 साली अभयारण्य झालं, काळवीट मोकळ्या गवतावर जगणारा प्राणी, आणि तिथला मोठा भाग निलगिरीनं भरलेला. माळावर झाड नसणं हा माळाचा दोष नाही. चर खणताना गवताचं जुनं ठोंब उपटलं जातं, ते परत यायला किती वर्षं लागतात याचा हिशेब कुणी धरत नाही.

आणि ‘कुणी कधीही चारावं’ म्हणणाऱ्यांना काय सांगू? तुमच्या दावणीची काळजी मला कळते, माझ्याही घरी आता दोन म्हशी आहेत. पण हक्क गवतावर असेल तर गवत राहिलं पाहिजे. वीस वर्षांपूर्वी जो माळ माघापर्यंत पुरायचा तो आज दिवाळीला संपतो. आपण कडबा विकत घेतोय, उसाचं वाढं विकत घेतोय, आणि गायरान फुकट आहे असं समजतोय.

आता मागणीचा तपशील. गायरानाचे तीन हिस्से करा. तार नको. ओढा, पाऊलवाट, बांध अशा ठळक खुणांनी पाडा आणि खुणेच्या दगडांना चुना मारा. पहिल्या हिश्श्यात पहिल्या पावसापासून चरू द्या. दुसरा हिस्सा महाराष्ट्रीय बेंदराला उघडा. तिसरा दसऱ्याला. आपल्याकडं पावसाचा जोर भाद्रपदात असतो, गवत त्यानंतर फुलतं आणि बी धरतं. दसऱ्याला जनावरं आत गेली की ती पिकलेलं गवत खातात आणि खुरांनी बी मातीत दाबतात. पुढच्या वर्षी हिस्से फिरवा. तीन वर्षांत प्रत्येक हिश्श्याला एकदा बी धरायचं वर्ष मिळतं. अधिक महिन्याच्या वर्षी बेंदूर सरकतो, तेव्हा तिथीला चिकटू नका. पहिली चांगली ओल झाल्यापासून पाच आठवडे मोजा.

यावर माझे धनगर आणि कुरुबर भाऊ विचारतील, मग तो महिना मेंढरं न्यायची कुठं? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर न देता चराईबंदी करणं म्हणजे सगळा भार गावातल्या सगळ्यात गरीब माणसावर टाकणं. पश्चिमेच्या ओल्या भागात मेंढरांची खुरं कुजतात, म्हणून पावसाळ्यात खांडं इकडं कोरड्या माळांवर येतात. अथणीकडं पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, बेळगाव शहरात त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे गवताला ज्या दिवसांत उसंत हवी, त्याच दिवसांत माळावर गर्दी होते. पूर्वी ती गर्दी शाळूच्या रानांनी पेलली. काळ्या रानात पेरणी भाद्रपद-आश्विनात, तोवर रान मोकळं. शेतकरी मेंढरं बसवायला स्वतः बोलवायचा, रात्रीचं लेंडीखत मिळायचं आणि मेंढक्याला धान्य. आप्पांना लोक बैलगाडी घेऊन न्यायला यायचे. कृष्णेचं पाणी रानात आलं, ऊस आला, ती मोकळी रानं कमी झाली आणि सगळा भार गायरानावर पडला. माळ उजाड झाल्याचा दोष मेंढक्याच्या माथी मारताना हे आपण विसरतो.

मेंढरं तर वाढतच आहेत. 2012 च्या पशुगणनेत कर्नाटकात मेंढ्या शहाण्णव लाखांच्या आसपास होत्या, 2019 मध्ये एक कोटी दहा लाखांच्या वर गेल्या. म्हणून पंचायतीनं त्या एका महिन्यापुरती तरी रानांची यादी करावी. कोण शाळू पेरणार आहे, कुणाचं रान आषाढ-श्रावणात रिकामं आहे, कुणाला मेंढरं बसवून हवीत. रासायनिक खताच्या पोत्याचा भाव बघता नको म्हणणारे कमी निघतील असं मला वाटतं. सीमेपलीकडून, जत तालुक्यातून येणाऱ्या माडग्याळ मेंढरांच्या मालकांनाही या ठरावात घ्या. त्यांना वगळून ठराव केला तर तो आठ दिवस टिकणार नाही. तारखा बेंदराच्या असल्या की त्या दोन्ही बाजूंना पाठ असतात, हाही मी बेंदूर धरण्यामागचा एक विचार.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हिस्से फिरवणं म्हणजे जादू नव्हे. जगभरच्या प्रयोगांचा मोठा आढावा 2008 साली झाला. फक्त आळीपाळीनं चारल्यानं गवत सुधारतं असं बहुतेक प्रयोगांत दिसलं नाही. फरक पडतो तो जनावरांची संख्या किती आणि पाऊस किती यानं. मग मी हिस्से कशाला मागतोय? वाढीच्या दिवसांतली उसंत आणि बी धरायची संधी गवताला मिळावी, यासाठी. पण शंभर जनावरांच्या माळावर तीनशे घातली, तर हिस्से तीन पाडा नाहीतर तेरा, माळ उजाडच होणार. म्हणून खाताना निम्मं ठेवण्याचा नियम हवाच. कार्तिकात माळावर चार बोटं उंचीचा बुडखा उभा दिसला पाहिजे. त्याच्या खाली गेलं की तो हिस्सा बंद. आणि ज्या वर्षी पाऊसच नसेल त्या वर्षी कुठलंही वेळापत्रक कामाला येणार नाही, तेव्हा खांडांना बाहेर जायला वाट मोकळी ठेवणं हाच उपाय. आपले जुने मेंढके हेच करत आले.

कायद्यानं तुमच्या हातात बरंच काही आहे. कर्नाटक जमीन महसूल नियम 1966 मधल्या 97 व्या नियमानं दर शंभर गुरांमागं 12 हेक्टर गायरान राखायचं आहे. तलाठ्याकडून गावची गुरं आणि गायरानाचा उतारा काढा आणि ताडून बघा. हा आकडा खानापूरच्या ओल्या माळाला आणि अथणीच्या मुरमाला एकच आहे हे लक्षात घ्या, म्हणजे आपल्याकडं 12 हेक्टरही कमीच पडणार. अतिक्रमणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून गावाला परत द्यायला सांगितलंय. जैविक विविधता कायद्यानं पंचायतीत समिती असायलाच हवी, ती कागदावर असेल तर तिला कामाला लावा. तिच्या नोंदवहीत गावच्या गवतांची नावं, मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हाताऱ्या मेंढक्यांना विचारून लिहून घ्या. हरळीला कुणी करिके सांगेल, दोन्ही लिहा. धारवाडला भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, बी आणि सल्ल्यासाठी तिथं जाता येतं. जिथं माती वाहून गेली आहे तिथं नुसत्या उसंतीनं पवन्या परतणार नाही, तिथं बी टाकावंच लागेल.

वेड्या बाभळीबद्दल एक सूचना. कन्नडमध्ये तिला बळ्ळारी जाली म्हणतात. तिच्या शेंगा जनावरं आवडीनं खातात, बी न पचता लेंडीतून पडतं आणि खतात छान रुजतं. उन्हाळ्यात शेंगा खाल्लेली खांडं थेट राखलेल्या हिश्श्यात सोडू नका, आधी चारपाच दिवस दुसरीकडं बसवा. रोप हाताएवढं असतानाच मुळासकट काढलं तर निघतं. मोठं झाल्यावर तोडलं की बुडातून दहा फांद्या फुटतात.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, फलक लागतील. त्याच वर्षात चार तालुक्यांतल्या दहा पंचायतींनी जरी हा ठराव केला तरी मला खूप आहे. ठराव पाचसहा ओळींचा होतो. हिश्श्यांच्या सीमा, तीन तारखा, चार बोटांचा नियम, राखण करणाऱ्याचं नाव. राखण्या मेंढक्यांतलाच नेमा, त्याला गवत कळतं आणि त्याचं इतर मेंढके ऐकतात. दंड ठेवायचा तर पैशाचा नको, एक दिवस तरवड उपटायचा ठेवा.

मृगाआधी एक सकाळ काढा. सदस्य, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब, दोन म्हातारे मेंढके आणि कुंपणाचा आग्रह धरणारी तरुण मुलं, सगळे मिळून आपापल्या गावच्या माळावर या. शक्य असेल त्या गावी मी येईन. खुरपं, सुतळीची चौकट आणि पाण्याची घागर मी घेऊन येतो. देवळामागचं एक ठोंब आणि गायरानातलं एक ठोंब, दोन्ही तुमच्यासमोर काढू आणि शेजारी शेजारी ठेवू. हिस्से कुठून कुठं पाडायचे ते तिथंच उभं राहून ठरवता येईल.

आपला नम्र,
अथणी तालुक्यातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक